सगळ्यांना सारखी माया

नागपूर,
सोमवार, १३ डिसेंबर १९६५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुम्ही मेळघाटात गेल्यापासूनचं हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन पोचली असतील असं धरून चालते. तुमच्या मिशनपर्यंत टपालवाला घाट चढून येतो म्हणे. वाटेत दमून कुठल्यातरी झाडाखाली बसला असेल बिचारा, अशी मी माझी समजूत घालते. थंडी फार आहे का? अंगावर घ्यायला पुरेसं आहे ना? इकडे मी मजेत आहे.

शाळेत या आठवड्यात मान वर करायला फुरसत नाही. बुधवारी तपासनीस येणार, शुक्रवारी नाताळचा कार्यक्रम, शनिवारी खाऊ वाटला की सुटी. तुमचा पहिलीचा वर्ग शाळेच्या मदरनी मलाच दिला आहे. माझी तिसरी आहेच. दोन्ही वर्गांच्या मधलं दार उघडं टाकून मी उंबऱ्यात उभी असते. एका बाजूला पाढे, दुसऱ्या बाजूला बाराखडी. आपली इंदूबाई आया परवा म्हणते, "बाई, तुमी शिकवून राहिल्या का पहारा देऊन राहिल्या?" मी म्हटलं, दोन्ही. पगार मात्र एकाच कामाचा मिळतो.

दुधाचं सांगते. अमेरिकेची पावडर अजून येते, पण तुमच्यासारखं ते कोणाला घोटता येत नाही. नुसत्या गुठळ्या होतात. पोरं दूध ओतून देतात आणि गुठळ्या बोटानं काढून चाखत बसतात. मदर पाहतात आणि न पाहिल्यासारखं करतात.

तुमच्या पहिलीतली छबू रोज विचारते, "सिस्टर कवा येते?" मी सांगते, नाताळानंतर. खोटं बोलते हे मला कळतं. तिलाही कळत असावं, कारण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

येशूजन्माच्या देखाव्याची तालीम चालू आहे. देवदूताच्या पंखांना कापूस कमी पडला म्हणून मी इतवारीच्या बाजारात जाऊन आले. दुकानदार विचारतो, "गादी भरायची का उशी?" मी म्हटलं, देवदूत भरायचा आहे. तो हसलाच नाही. तुम्ही बरोबर असत्या तर आपण दोघी घरापर्यंत हसत आलो असतो.

बरं, पुरे आता. उत्तर लिहा. फार नको, तुम्हाला वेळ नसेल. चार ओळी पुष्कळ झाल्या.

तुमची,
प्रेमिला


नागपूर,
गुरुवार, १६ डिसेंबर १९६५

ताई,
जयभीम.

आजच्या टपालातही काही नाही. वहिनीनं दारातच विचारलं, "काहून वं, तुया सिस्टरचं पत्र नाही आलं अजून?" मी म्हटलं, त्यांना कामं असतात. ती म्हणाली, "तुले नसतात वाटते!" सुभद्रावहिनीचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. मनात काही नसतं, पण लागतं.

काल तपासनीस येऊन गेले. तुमच्या पहिलीत शिरले आणि एकदम विचारलं, "सांगा पाहू, देव कुठे राहतो?" एक म्हणाली चर्चमध्ये. एक म्हणाली टेकडीवरच्या गणपतीत. आमच्या इंदोरा वस्तीतली छबू उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "आमच्या घरी देव नाही राहत. आमच्या घरी बुद्ध राहते." तपासनीस थेट पाढ्यांवर आले. मदरनी खिडकीबाहेर पाहिलं. मला इतकं हसू आलं की पोटात दुखायला लागलं, आणि मी सवयीनं तुमच्याकडे पाहिलं. तिथे फळा होता. असं हसू आलं की तुम्ही खोकल्याचं सोंग करायच्या आणि मी खडू शोधायला खाली वाकायची. आता मी कोणाकडे पाहून हसू?

सोमवारी लिहिलं होतं की मी मजेत आहे. नाही, ताई. मधल्या सुटीत मी डबा उघडत नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळ्या बोलत असतात, कोणी मला वेगळं पाडत नाही, चांगल्या आहेत सगळ्या. पण तिथे मला बसवत नाही. आपण दोघी डबा खायचो त्या कडुलिंबाखालीही बसवत नाही. मी वर्गात उभी राहून वह्या तपासते आणि डबा तसाच घरी नेते. वहिनी भाकरी गाईला घालते आणि मला बोल लावते.

आज राग आला आहे म्हणून लिहिते. तुम्ही गेलात ती सकाळ मी विसरणार नाही. प्रार्थनेला तुमची जागा रिकामी होती. मला वाटलं, बरं नसेल. सुटी झाल्यावर औषध आणून द्यावं म्हणून मी विचारायला गेले, तर फाटकावर धोंडबा म्हणाला, "त्या त पहाटेच गेल्या ना बाई, ट्रंक घेऊन. मीच रिक्शात ठेवून देली. काहून, तुमाले नाही सांगितलं काय?" शाळेच्या शिपायाला माहीत होतं आणि मला नव्हतं! मी हसले आणि म्हणाले, हो हो, सांगितलं होतं, विसरलेच. एवढ्या मोठ्या बाईनं शिपायासमोर रडू नये म्हणून तसं म्हणाले.

आता मनात आहे ते विचारून टाकते. तोंडानं विचारायला जीभ रेटली नसती. भाद्रपदात मला ताप होता तेव्हा तुम्ही आमच्या घरी आलात. एकट्या, पायी, पेजेचा डबा घेऊन. दुपारभर माझ्या उशाशी बसलात, वहिनीच्या हातचा चहा प्यायलात, आमच्या माठातलं पाणी प्यायलात. साऱ्या वस्तीनं पाहिलं. त्यानंतर मदरनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि तेव्हापासून तुम्ही सुटीत माझ्याशेजारी बसणं कमी केलंत. ताई, आमच्या घरचं पाणी प्यायलात हे कोणाला खटकलं का? की तुम्हालाच नंतर कसंसं वाटलं? आम्ही दीक्षा घेतली त्याला नऊ वर्षं झाली, पण लोकांचा हात आखडता झाला की मला पहिल्यांदा हेच आठवतं. लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे, लवकर जात नाही.

रागावला असाल तर तसं लिहा. नसाल तर तसं लिहा. एक शब्द लिहिलात तरी चालेल. पण लिहा.

प्रेमिला


शाळा,
शनिवार, दुपार

ताई,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. खाऊ वाटून झाला, पोरं ओरडत घरी गेली, धोंडबा वर्ग झाडतो आहे. मी तुमच्या पहिलीत तुमच्या खुर्चीवर बसले आहे. लिहून होईल आणि इंदूबाईच्या चुलीत जाईल.

कालचा कार्यक्रम झाला. धोंडबानं हौसेनं खरं करडू आणलं होतं. पडदा उघडताच त्यानं बाळ येशूच्या खालचं गवत ओढून खायला सुरुवात केली. मरिया झालेल्या पोरीनं बाळ उचललं आणि करडाला एक चापट दिली. टाळ्या काय पडल्या! मदरसुद्धा हसल्या.

मग सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. मोठा हंडा मधे होता, उरलेलं दूध मी कपात भरत होते. म्हणाल्या, "प्रेमिलाबाई, मेळघाटच्या मदरचं मला पत्र आलं. प्रत्येक टपालात तुमचं पत्र असतं म्हणून." तेव्हा मला कळलं की तुमच्या नावाचं पत्र आधी तिथल्या मदर फोडतात. सगळ्या सिस्टरांचीच पत्रं फोडतात. नियमच आहे म्हणे. म्हणजे माझी तिन्ही पत्रं त्यांनी वाचली. परवाचं चौथं उद्यापरवा वाचतील. पाण्याचं आणि रडण्याचं, सगळं.

माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "मदर, खरं सांगा, ताईंची बदली आमच्या वस्तीत आल्या म्हणून केलीत ना? आमच्या घरी खाल्लं-प्यायलं म्हणून?" त्यांच्या डोक्यात ते आलंच नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाल्या, "तुमच्या ठिकाणी दुसरी कोणीही असती, तरी हेच झालं असतं. आमच्यात एकाच माणसावर जास्त माया करता येत नाही. सगळ्यांना सारखी द्यावी लागते. एकीकडे जास्त गेली, तर ती देवाच्या वाट्याची गेली असं आम्ही मानतो."

मी म्हटलं, "मदर, दूध मापानं वाटता येतं."

त्या रागावल्या नाहीत. खाली बघून म्हणाल्या, "मलाही शिकायला वेळ लागला." आणि मग म्हणाल्या, "बदली मी केली नाही. सिस्टर सेवेरिननं स्वतः मागितली. जानेवारीत तिचं शेवटचं व्रत आहे, जन्मभराचं. ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, मदर, इथे राहिले तर माझं मन दोन ठिकाणी राहील. मला लांब पाठवा, आणि जाताना तिला भेटू देऊ नका, भेटले तर मी जाणार नाही."

हे त्यांनी मला सांगायला नको होतं, असं त्यांनाही सांगून झाल्यावर वाटलं असावं. हंड्यावर झाकण ठेवून त्या निघून गेल्या.

ताई, तुम्ही रागावला नव्हतात. आमचं पाणीही तुम्हाला खटकलं नव्हतं. उलटंच होतं सगळं. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी होतं हे मला ठाऊक नव्हतं.

मला तुमचा राग अजून आहे. तुमच्या देवाचाही आहे. छबूच्या घरी तो राहत नाही तेच बरं. एवढा मोठा म्हणतात, साऱ्या जगाची माया त्याच्या नावावर, आणि मधल्या सुटीत दोघी एका झाडाखाली डबा खातात ते त्याला परवडत नाही! तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, प्रेमिला, असं बोलू नये. तुम्ही नाही आहात म्हणून बोलते.

पण एक आहे. तुम्ही हे व्रत लहानपणापासून मागत होतात. वसईला आईशी भांडून घर सोडलंत ते यासाठी. मदर सांगत होत्या, तिथल्या मदर अजून पाहताहेत, तुमचं मन लागतं की नाही. माझं प्रत्येक पत्र म्हणजे तुमच्याविरुद्ध साक्ष. पुढच्या पत्रात मी पुन्हा रडले, तर तुमचं व्रत थांबवतील. वर्षभर, कदाचित कायमचं. माझ्या मनात एकदा आलं, थांबवू देत. थांबवलं तर परत येतील. खरंच आलं मनात, ताई. मी ते काही वेळ राहूही दिलं.

पण तुम्ही परत आलात आणि रोज माझ्याशेजारी बसून त्या व्रतासाठी झुरत राहिलात, तर ते मला बघवणार नाही.

मला तुमच्याइतकं कोणी आवडलं नाही. आई गेली तेव्हाही मी इतकी पोरकी झाले नव्हते. हे एकदा लिहायचं होतं. झालं.

धोंडबा म्हणतो आहे, "बाई, घरी नाही जाऊन राहिल्या का? कुलूप लावतो मी." उठते.

तुमची प्रेमिला


नागपूर,
रविवार, १९ डिसेंबर १९६५

माननीय मदर सुपीरियर व सर्व सिस्टर यांस,
सविनय नमस्कार.

आपल्या मिशनातील सर्वांना आमच्या शाळेतर्फे नाताळच्या शुभेच्छा.

येथे हा आठवडा कामाचा पण चांगला गेला. तपासनीसांनी शाळेबद्दल समाधान व्यक्त केले. नाताळचा कार्यक्रम पालकांना आवडला. काल खाऊ वाटून शाळेला सुटी दिली.

पूर्वी आमच्या शाळेत असलेल्या सिस्टर सेवेरिन यांचा पहिलीचा वर्ग सध्या माझ्याकडे आहे. मुले रुळली आहेत. नव्या बाईची त्यांना सवय झाली आहे आणि ती आता कोणाची वाट पाहत नाहीत. हे सिस्टरांना कळवावे, म्हणजे त्यांना काळजी राहणार नाही.

मधल्या काळात मी त्यांना काही पत्रे पाठवली. त्या वेळी माझी प्रकृती बरी नव्हती आणि कामाचा ताण होता, त्यामुळे नको ते लिहिले गेले. त्यात सिस्टरांचा काहीही दोष नाही. त्यांनी मला कधी पत्र लिहिलेले नाही व लिहिण्यास सांगितलेलेही नाही. त्या येथे सर्व शिक्षिकांशी सारख्याच वागत असत. कोणा एकीशी त्यांची अधिक जवळीक नव्हती. येथील कोणीही हेच सांगेल.

जानेवारीत त्यांचे शेवटचे व्रत आहे असे ऐकले. शाळेतील सर्वांना आनंद झाला आहे. मलाही झाला आहे.

येथे सर्व ठीक आहे. कोणाचे काही अडलेले नाही. कृपया या पत्राचे उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये.

आपली नम्र,
कु. प्रेमिला रंगारी
सहायक शिक्षिका