मोरीमागची केळ

आई,

मोरीमागची तुझी केळ आम्ही मुळासकट काढली. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सांगायला मला वेळ लागेल. खोडांचे तुकडे केले, परसात कमरेएवढा खड्डा घेतला, तुकड्यांवर चुना टाकला आणि माती दाबली. खणलं अप्पांनी एकट्यानं. मी खोरं मागितलं तर म्हणाले, "तू फक्त सांग, किती खोल लागतंय."

तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते आणि धाकटी सहावीत. तुझ्या हातचं म्हणावं असं त्यानंतर घरात जे जितं राहिलं ते ही केळच. एक खोड घड देऊन पडायचं, शेजारचं पिल्लू त्याची जागा घ्यायचं, आणि भांड्यांचं, अंघोळीचं पाणी पिऊन ती तशीच चालत राहायची. पिल्लं तू मागेल त्याला द्यायचीस. एकदा जनवाड्याच्या मावशीला द्यायला आपण बसनं चाललो होतो. तुझ्या एका मांडीवर मी आणि दुसऱ्या मांडीवर ओल्या पोत्यात गुंडाळलेलं पिल्लू. कंडक्टर म्हणतो, "बाई, ह्यातलं तिकिटाचं लेकरू कोणतं?" तू म्हणतेस, "दोन्ही माझीच हायत. पर हे मोठं लई बोलतंय, ह्याचंच काढा." सगळी बस हसली. मी रुसून खिडकीकडे तोंड केलं होतं.

मी आता कलबुर्गीला एका प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी कीड लागलेलं खोड, पान, फळ घेऊन येतात. ती कोणती आहे हे ओळखायचं आणि ती पुढं पसरू नये म्हणून काय करायचं ते सांगायचं, हे माझं काम. बाहेरून आणलेलं रोप काही दिवस वेगळं ठेवा, बुडाशी खोड दाबून बघा, हे मी कितीजणांना सांगितलं असेल. गेल्या दिवाळीला घरी येताना रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून मी अप्पांसाठी एक शोभेचं झाड घेतलं. जाड खोड, वर लांब पानांचा झुपका. ते मी तपासलं नाही. घाईत होते असं म्हणता येईल, पण घाई नव्हती. भेट म्हणून घेतलेल्या वस्तूकडे मी त्या नजरेनं बघितलंच नाही. अप्पांनी कुंडी ओसरीवर ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिले, "लेकीनं आणलंय."

श्रावणात गेले तेव्हा ओसरीवर कुंडी रिकामी होती. विचारलं तर म्हणाले, "ते होळीच्या आधीच बुडाला मऊ पडलं. कापून केळीपाशी टाकलं, तेवढंच खत. वाया कामून घालवायचं?" मी मोरीमागे गेले. केळीच्या दोन पानांच्या कडा वाळल्या होत्या. खोडाला चिकटलेलं खालचं वाळकं सोपट उचललं तर बुडाशी लाकडाच्या भुशासारखी विष्ठा, आणि खोड चिरल्यावर आत अळ्या. शेजारी अप्पांनी टाकलेला माझ्या झाडाचा ओंडका पडलेला होता. त्याच्या सालीतून कोषांची रिकामी टरफलं अर्धी बाहेर आलेली होती. पतंग उडून गेल्याला बरेच दिवस झाले होते.

हे पतंग ज्या कुळातले, ते कूळ मुळात बुरशी आणि कुजकं लाकूड खाऊन जगणारं. त्यातल्या काही जाती उष्ण, दमट मुलखात कुजक्या खोडावरून जित्या खोडात शिरायला लागल्या आणि शोभेच्या कुंड्यांतून, केळीच्या पिल्लांतून दूर दूर पोचल्या. पतंग नखाएवढा, मातकट. उडतो कमी, पळतो जास्त. स्वतःच्या पंखांनी तो फार लांब जात नाही, त्याला माणसं नेतात. आपल्याकडची जात नेमकी कोणती हे अजून ठरायचं आहे, नमुने पुढं पाठवलेत. कुठून आली हे मात्र मला त्याच वेळी कळलं होतं. ओंडका मी नमुन्याच्या पिशवीत घातला, तोंड बांधलं आणि गाडीत ठेवला. नियमाप्रमाणे तेच करायचं असतं. त्यामुळे ती टरफलं अप्पांच्या नजरेला पडली नाहीत, हेही खरं.

होळी झाल्यावर अप्पांनी धाकटीला कमलनगरला एक पिल्लू दिलं होतं. तिनं नवीन घर बांधलं, आणि आईची केळ पाहिजे म्हणून हट्टानं नेलं. तेही काढायला लागेल, असं मी म्हटलं. "फोनवर सांगायचं न्हाई," अप्पा म्हणाले, "आपण दिलंय, आपण जाऊन सांगायचं." आम्ही जीपनं गेलो. धाकटीचं पिल्लू चांगलं छातीएवढं झालेलं. मी ते बुडाशी चिरलं. आत एकच अळी होती, पण होती. धाकटीची सासू कमरेवर हात ठेवून बघत होती. "इवाई," ती म्हणाली, "लेक दिली ती चांगली दिली. केळीतच तेवढं काय घालून दिलं म्हणायचं?" अप्पा हसले. मग हात जोडले. माझ्यादेखत त्यांनी तुझ्याशिवाय कुणाला हात जोडलेले मला आठवत नाहीत, तेही चेष्टेनं, तू चिडलीस की. "विहीणबाई, चूक झाली. ही व्हती तवर केळीची सोपटं वेळेवर काढायची, पाणी तुंबू द्यायची न्हाई. माझ्यानं तेवढं झालं न्हाई."

धाकटी माझ्याकडे वळली. "व्हय का गं, अक्का? त्यानं लागतंय हे?"

तिथं मला बोलता आलं असतं. सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते, सासूसुद्धा. त्या घरात मला शिकलेली बाई म्हणून मान आहे, खुर्ची मला आधी देतात. मी म्हणाले, "तसंही होतं."

शास्त्राच्या दृष्टीनं हे वाक्य चूक नाही. ओलावा, न काढलेली सोपटं, यानं त्या अळीला सोय होते. मी वाक्य निवडून बोलले. धाकटी चहा करायला आत गेली. सासू अप्पांना म्हणाली, "जाऊ द्या हो, गडीमाणसाला कुठलं कळतंय त्यातलं," आणि अप्पा मान हलवत राहिले.

परतताना जीपमध्ये ते कडेला बसले. मग बाहेर बघत म्हणाले, "तिचं तेवढं एक राहिलं व्हतं. तेबी मला राखता आलं न्हाई." माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागलेला होता. मी विचारलं, "पाणी पिता का?"

आता ते दर रविवारी फोन करतात. शेजाऱ्यांच्या केळीची सोपटं स्वतः जाऊन काढतात, बुडं बघतात, आणि मला विचारतात, "आणखी काय बघू गं? तू म्हणशील तसं करतो." मी सांगते. नीट, क्रमानं सांगते. ते "व्हय, व्हय" करत ऐकतात. एका रविवारी म्हणाले, पुढच्या दिवाळीला तसलंच झाड आण बरं का, मागलं माझ्या हातनं गेलं. मी बघते म्हणाले.

धाकटीला सांगितलं तर ती अप्पांना सांगेल. ऑफिसात सांगितलं तर ते कागदावर येईल आणि कधीतरी गावात पोचेल. म्हणून हे तुला लिहिलं. तू त्यांना सांगू शकत नाहीस, हे धरूनच लिहिलं.