मेणखडू की कांडी

९ डिसें., लातूर
निषेध. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर जांभळा डाग. कारण, लेकीच्या, गार्गीच्या, नव्या जेल-रंगाच्या कांड्या, पाण्यात विरघळणाऱ्या. मी त्यांचं 'जलविलेय वर्णशलाका' असं बारसं केलं होतं. कागदावर जलविलेय, सदऱ्यावर अविनाशी! सौ. म्हणाली, "नावं ठेवण्यापेक्षा साबण लावा."

११ डिसें.
गार्गीला घेऊन व्यायामाच्या मॅडमकडे. कोपराचं प्लास्टर निघालं, तरी उजव्या बोटांत जोर नाही. मॅडमचा हुकूम: मेणखडूच. दाबल्याशिवाय उमटत नाही, तोच व्यायाम. कांडी नुसती टेकवली तरी रंग देते.
गार्गी: "बाबा, खडूनं चित्र फिकं येऊन राहिलं. पोरी हसतात."
शाळेत लावायला वेळ अमावस्येच्या शेतपूजेचं चित्र हवंय. खडू की कांडी, न्यायाधीश मी. निकाल राखून ठेवला.

१९ डिसें., वेळ अमावस्या
किल्लारीला, ताईच्या शेतावर. गार्गी पूजेच्या खोपटाशी, कडब्याच्या कोपीशी, बसून चित्र काढत होती. बहुतेक कांडीनं, ज्वारीची उभी ताटं तेवढी मेणखडूनं, मॅडमच्या समाधानापुरती. पिकावर आंबील शिंपडत ताई आली आणि त्याच ओघात चित्रावरही शिंपडून गेली. कोपी, आभाळ, माणसं वाहून एक झाली. मी निषेधाचं संस्कृत वाक्य जुळवतोय तोवर ताई म्हणते, "राहू दे रे, चित्राला बी लई पीक येईल!"
पोरगी रडली नाही. बघत बसली. मेणखडूची ताटं तशीच उभी. आंबील त्यांच्यावरून घसरून गेली होती.

२१ डिसें.
नवं चित्र. आधी मेणखडू, त्यावर कांडी, त्यावर ओली बोटं. मागं सगळं धुकं, पुढं ज्वारी लख्ख. शिकवलं कुणी? कुणीच नाही. इतकी वर्षं बातम्या लिहितो, आज विशेषण सापडेना. सौ.: "छाती आवरा. डाग पडलाच आहे, आता बटणही तुटेल."

२३ डिसें.
चित्र शाळेच्या भिंतीवर, दारासमोरच. आज उगाच दोनदा शाळेत जाऊन आलो.
घरी विचारलं, ताटं इतकी ठसठशीत कशी गं? मॅडम खूश होतील.
"डाव्या हातानं काढली, बाबा. उजवा दुखून राहिला होता."
अभिमान तसूभर कमी झाला नाही. पण खडू की कांडी, हा निकाल मी उगाच लांबवतोय. उजवा हात पहिल्यासारखा होईल ना, एवढंच मॅडमना विचारायचंय. विचारायची भीती वाटते.