तासभर आधीची बस

प्रिय वन्सं,

आम्ही सुखरूप पोचलो. धाकटीने तुम्ही दिलेली बाहुली खिडकीशी धरून तिला वाटेतलं प्रत्येक गाव दाखवलं.

खरं सांगते, तुमच्याकडे येतानाच ठरवलं होतं की ही शेवटची खेप. तुमचे दादा गेले. आता कुठल्या नात्याने दोन पोरांना घेऊन तुमच्या दारात यायचं? म्हणून आठवडाभर पाहुणीसारखी वागले, पाणीसुद्धा विचारून घेतलं.

निघायच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "बस नऊची आहे, वहिनी. आवरा लवकर." धावतपळत स्टँडवर आलो, तर बस दहाची! तुम्ही कपाळावर हात मारलात. "अगं बाई! दादाला नेहमी तासभर आधीची वेळ सांगायचे ना, तेच तोंडात बसलंय."

"बाबा उशीर करायचे?" थोरल्याने विचारलं.

"उशीर? अरे, स्वतःच्या लग्नातसुद्धा नवरीच्या मागून पोचला तुझा बाप!"

एरवी बाबांचं नाव निघालं की पोरं गप्प होतात. त्या तासात तुमचे किस्से ऐकून पोट धरधरून हसली. मीही हसले. बस लागल्यावर तुम्ही दटावलंत, "पुढच्या सुट्टीत आला नाहीत, तर मीच येऊन उचलून नेईन."

येणार आहोत. पण हे पत्र काही पेटीत टाकणार नाही. वाचलंत, तर पुढच्या वेळी जपून खरी वेळ सांगाल, आणि मला तो तास हवा आहे.

तुमची,
वहिनी