बाबांच्या लेखाविरुद्ध

गफ्सा, ६ मे १९८६

ती. मुन्सिफदादास जलीलाचा सलाम, वि. वि.

माझ्या लेखाचं काय झालं? तू संपादक असलेल्या रक्तवाहिन्यांवरच्या त्रैमासिकाकडे लेख पाठवणं म्हणजे मुलगी दाखवण्यासारखं झालंय. परीक्षक बघून जातात आणि काही कळवत नाहीत.

थट्टा सोडते. वॉर्डात लामीन नावाचा तरुण आहे, फॉस्फेटच्या खाणीत ट्रक चालवतो. तोंडात फोड, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, आणि आता खोकल्यातून रक्त पडतंय. एक्स-रेत फुप्फुसाच्या धमनीला फुगा दिसतो. तरी आमचे मोठे डॉक्टर तिजानी त्याला रक्त पातळ करायचं औषध देताहेत. मी अडवलं तर त्यांनी बाबांचा जुना लेख पुढे केला. अशा गाठीवर हेच औषध द्या असं तुझे वडील लिहितात, मग मी बापाचं ऐकू की लेकीचं, म्हणाले. असा फुगा असलेले तिघं याच औषधावर रक्त ओकून गेलेले मी पाहिलेत. माझा लेख त्या तिघांवरच आहे. छापून आला तर तिजानींपुढे ठेवता येईल.

उम्मीने घरून पाठवलेली हरिसा चटणी पोचली. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी जलीला

ट्यूनिस, १२ मे

चि. जलीलास अनेक आशीर्वाद.

लेख माझ्याकडे नाही. बहिणीचा म्हणून आला त्याच दिवशी सहसंपादक सुआदबाईंकडे सोपवला. त्यांना घाई करायला सांगणार नाही. आज तुझ्यासाठी सांगितलं तर उद्या कुणाच्या मेव्हण्यासाठी सांगावं लागेल.

झोप उडालीय ती वेगळ्याच कारणाने. हे त्रैमासिक बाबांनी उभं केलं, आणि त्या लेखावरच त्यांचं नाव झालं. तू तो खोडतेयस हे त्यांना ठाऊक नाही. उम्मी म्हणते, निदान रमजान सरू दे. तोवर तू गप्प राहा. जेवतेस ना वेळेवर?

तुझा मुन्सिफ

ट्यूनिस, १९ मे

चि. जलीलास आशीर्वाद. देऊ नयेत असं वाटत होतं.

तू बाबांना परस्पर लिहिलंस, एक्स-रेसुद्धा पाठवलास. काल रोजा सोडताना त्यांनी सूपही पुरं घेतलं नाही. मला हे माहीत होतं का, असं विचारलं. हो म्हणालो. मग मला सांभाळत होतास की माझ्या लेखाला, म्हणाले. आज पहाटे सामायिक टॅक्सीने तुझ्याकडे निघालेत. प्रवासातही रोजा मोडणार नाहीत. जीव टांगणीला लागलाय. पोचले की तार कर.

मुन्सिफ

गफ्सा, २३ मे

ती. दादास सलाम, वि. वि.

तार मिळाली असेलच. बाबा घरी न येता थेट वॉर्डात गेले. लामीनला बराच वेळ तपासलं. मग तिजानींना म्हणाले, मी लिहिलं तेव्हा हे फुगे आम्हाला दिसलेच नव्हते, औषध आजच थांबवा. तिजानी म्हणाले, पण सर, लेख तुमचाच आहे. बाबा म्हणाले, लेख माझा आहे, पण पोरगं कुणाचं तरी आहे. पोरीचं ऐका.

आता दुसरे उपचार चालू आहेत. दोन दिवस रक्त पडलेलं नाही. पुढचं कुणी सांगू शकत नाही, मीही नाही.

काल रोजा सोडल्यावर बाबांनी माझ्या लेखाची प्रत मागितली आणि कॉफी निवेपर्यंत वाचत राहिले. शेवटी विचारलं, यात माझं नाव कुठे आहे? मी संकोचून ‘काही जुन्या अभ्यासांत’ एवढंच लिहिलं होतं. ते म्हणाले, अशाने तिजानीसारख्यांना कसं कळणार की कुठला लेख कपाटात ठेवून द्यायचा?

सुआदबाईंना सांग, त्या ओळीत बाबांचं नाव घालायचंय. स्पेलिंग बाबांनीच लिहून दिलंय, सोबत जोडते.

उम्मीला सलाम. तुझ्या मायेतली,

जलीला