पंच क्रमांक एक यास खोटा ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. उपविभागीय दंडाधिकारी साहेब,
उपविभागीय कार्यालय.

विषय : श्री. देवराव रामटेके यांच्या तडीपारी प्रकरणातील पंच क्रमांक एक (म्हणजे मी) यास खोटा ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदय,

मी मनसाराम चैतू भोयर, वय ५८, धंदा तलावातील मासेमारी, रा. मौजा करंजटोला, सविनय सादर करतो की,

१. गतवर्षी मे महिन्यात आमच्या तलावातील मासे मेले. त्याच आठवड्यात बौद्ध वस्तीतील देवराव यांनी मोठ्या घाटावर पाणी भरले होते. त्या घाटावर आम्ही त्यांच्या वस्तीला कधी येऊ दिलेले नाही. पोलीस आले व देवराव यांनी पाण्यात विष टाकल्याचा पंचनामा झाला. मला बसायला खुर्ची दिली गेली व मी सही केली. देवराव यांना न्यायालयापुढे न नेता चार दिवस कोठडीत ठेवले आणि पुढे दोन वर्षांकरिता चंद्रपूर जिल्ह्याबाहेर घालवले. "शांततेसाठी वस्ती क्रमांक दोनने या घाटावर येऊ नये" अशी पाटीही आपल्या कार्यालयाने लावली. वस्ती क्रमांक दोन म्हणजे कोण, हे आमच्या गावात कोणाला विचारावे लागत नाही.

२. मासे विषाने मेले नव्हते. उन्हाने पाणी आटले होते. पाण्यात हवा कमी पडली की मोठे कतले आणि रोहू आधी मरतात, बारीक पिल्ले तगतात. विष असते तर पिल्लेही गेली असती. पंचनामा लिहिला जात असताना ती काठाला पोहत होती व मला बसल्या जागेवरून दिसत होती. माझा जन्म पाण्यात गेला आहे. कळले नाही म्हणायला मला तोंड नाही.

३. हे मी दोन अर्जांत कळविले. उत्तर आले की, पंच प्रतिष्ठित इसम असल्याने पंचनामा विश्वासार्ह आहे; तसेच आपण खोटे बोललो असे पंच स्वतःच लिहीत असल्याने त्याच्या अर्जावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणजे सही करणारा मनसाराम खरा आणि अर्ज करणारा खोटा. मी ते पत्र तीनदा वाचून घेतले.

४. देवराव आरमोरीस बहिणीकडे राहतात. गेल्या महिन्यात त्यांची आई येथे वारली. गावात येण्याची परवानगी त्यांना तिसऱ्या दिवशी मिळाली, तोवर माती झाली होती. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नी बायनाबाई यांनी मला एवढेच विचारले, "मनसारामभाऊ, तुमाले तं मासोळी पाहूनच समजते. मंग सही काऊन केली?" मी उठून घरी आलो.

५. माझ्यावर दबाव होता असे मी मागील अर्जांत लिहिले. तेही खोटे आहे. मला कोणी धमकावले नाही. देवरावने मोठ्या घाटावर हंडा बुडवला हे मला खपले नव्हते, आणि सही करताना मला बरे वाटले होते. त्याची मला आज लाज वाटते.

तरी मी खोटा पंच असल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे, माझ्यावर रीतसर गुन्हा नोंदवावा, पाटी काढावी व देवराव यांना घरी येऊ द्यावे, ही हात जोडून विनंती.

देवराव यांचा अपराधी व आपला अर्जदार,
मनसाराम चैतू भोयर
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : मागील दोन अर्ज व उत्तराची झेरॉक्स.

प्रत माहितीसाठी : सौ. बायनाबाई देवराव रामटेके. (त्यांना हे तोंडाने सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.)