एकतीस नंबरचा डबा

३ तारीख, सोमवार

आजही बोगद्यातले साठही डबे एकदम कोकलले! हवेतला गॅस मोजायचा आणि वायरलेसने वर कळवायचा, एवढंच त्यांचं काम. पण चॅनेल एक आणि तोंडं साठ. संदेश एकमेकांवर आदळतात, माझ्या पडद्यावर नुसता कचरा. साहेबांचा उपाय काय, तर डब्यांचा जोर वाढवा! भांडणात सगळेच ओरडले की नीट ऐकू येतं म्हणे. धन्य!

४ तारीख

माझी योजना मांडली. प्रत्येक डब्याला ठरलेली वेळ. ज्याचा आकडा बदललेला नाही त्याने गप्प बसायचं, त्याची वेळ दुसऱ्याला. साहेबांनी मान डोलावली. डोक्यावरून गेलं असणार.

६ तारीख

चालली! एकही टक्कर नाही. साहेब पाहुण्यांना सांगत होते, हे आम्ही केलं. आम्ही! यांनी फक्त चहा ढोसला.

७ तारीख

जेवताना बाबांना सगळं समजावलं. ते त्याच बोगद्याच्या खालच्या टोकाला पंप चालवतात, अठ्ठावीस वर्षं. शांतपणे घास गिळला आणि म्हणाले, "पंप गप्प झाला की मी आधी तिकडे धावतो. अधूनमधून 'मी आहे' एवढं तरी बोलू दे त्यांना."

आता घ्या! पंपवाले मला वायरलेस शिकवणार. 'मी आहे' म्हणायला साठ जणांना वेळ वाटत बसू? आई म्हणाली, ऐकून तरी घे. या घरात अक्कल माझ्या एकटीच्याच वाट्याला आलीय.

१० तारीख

पडदा हिरवागार. कंटाळा येईल इतका.

१३ तारीख

बाबा दुपारी पंपाशी चक्कर येऊन पडले. गॅस. जोडीदाराने ओढत बाहेर आणलं म्हणून वाचले. डोकं ठणकतंय, बाकी ठीक आहेत.

माझ्या पडद्यावर तेव्हाही हिरवंच! एकतीस नंबरचा डबा त्यांच्या डोक्यावरच लावलाय. नोंद उघडून बघितली. शेवटचा संदेश आठ तारखेचा. खाली जाऊन डबा उतरवून उघडला. आत पाणी शिरून बंद पडला होता, आणि मी त्याची वेळ खुशाल इतरांना वाटत होते. बंद पडलेला डबा आणि सगळं ठीक असलेला डबा, माझ्या योजनेत दोघेही सारखेच गप्प. अक्कल म्हणे! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय.

१४ तारीख

चौकशी. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "डबा मीच काढून ठेवला होता. पाइप बसवताना मध्ये येत होता."

साहेबांनी लगेच लिहून घेतलं, त्यांना तेवढंच हवं होतं. डब्यांची नोंद माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

जिन्यात मी रडले. बाबा म्हणाले, "माझं झालंय आता. तुझं अजून सगळं व्हायचंय."

१५ तारीख

साहेबांनी विचारलं, तुला काही सांगायचंय का? मी गप्प बसले. त्यांनी 'सर्व ठीक' असं लिहून फाइल मिटली.