मैदानावरचे ढग

ॲन आर्बर,
१४ जुलै १९८८

ती. बाबा,
सा. न.

तुमचं पत्र पोचलं. लोणच्याची बरणी मात्र वाटेत फुटली. डिपार्टमेंटच्या मेलरूमला अजून मोहरीचा वास येतोय, आणि तो कुणाचा हे मी कबूल केलेलं नाही. मी बरी आहे. दमलेय फार.

थीसिस तोच, इराकच्या कुर्दी डोंगरांतलं शहरिझोरचं मैदान. भोवती डोंगर, मधे परातीसारखी सपाट जमीन, पायथ्याशी झरे. झरा तिथे गाव. उपग्रहाच्या फोटोत हिरवळ लाल दिसते, म्हणून लाल ठिपके बघून मी नकाशावर झरे मांडते. डोळ्यांची नुसती वाट लागलीय.

खालच्या मजल्यावर मुलीकडे गुलिस्तानमावशी राहतात, त्या त्याच मैदानातल्या. मोडक्या इंग्लिशवर आमचं चालतं. गेल्या वर्षीचा फोटो दाखवला तर लाल बघून किंचाळल्याच. म्हटलं, "अहो मावशी, आग नाही, बागा आहेत!" मग भावाचं गाव शोधून त्या ठिपक्याचा त्यांनी मुका घेतला. तेव्हापासून रोज एकच, नवा फोटो आला का?

आला, या जूनचा. झऱ्यापाशी लाल काहीच नाही. गावही नाही, राखाडी डाग आहे; फौजेने तिथली गावं उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या खऱ्याच होत्या. मी सांगितलं, ढग आले, फोटो खराब निघाला. पुढच्या वेळी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं.

काल चहा ओतता ओतता म्हणाल्या, "पोरी, आमच्याकडे उन्हाळ्यात ढग नसतात."

मग दाखवला. खूप रडल्या. मीही. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता मला रडता तरी येईल."

बाबा, संक्रांतीपासून तुमच्या प्रत्येक पत्रात आहे, 'आई आत्ता झोपलीय, पुढच्या खेपेला लिहील.' फोन केला तरी आई झोपलेलीच. दुपारी पाठ टेकणाऱ्यांना नावं ठेवणारी आपली आई! मला राग आलाय तुमचा. आणि भीती वाटतेय. इतके दिवस मीही विचारलं नाही, कारण ते ढग मलाही हवेच होते.

पोरीचा थीसिस होईपर्यंत सांगायचं नाही, असं तुम्ही आणि आत्याने ठरवलं असेल. थीसिस गेला खड्ड्यात. खरं काय ते लिहा.

खाली 'सौ. आईस नमस्कार' लिहायची जागा मोकळी सोडलीय. लिहू का, बाबा?

तुमची,
मृणालिनी